उसवलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी, जडशीळ गोधडी आहे. मला उचलताना मोठी माणसेही "बाप रे!" म्हणतात आणि मला त्याचा भारी अभिमान वाटतो.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका लहान गावात, चर्चच्या तळघरात माझा जन्म झाला. तिथे दर मंगळवारी गोधडी मंडळाच्या बायका लाकडी चौकटीभोवती बसून गोधड्या शिवतात आणि अधूनमधून एकमेकींनाही टोचतात. माझ्या पोटात काचेचे बारीक मणी भरले ते ओमाने, म्हणजे लीसबेटच्या आजीने. लीसबेट ऑटिस्टिक आहे. दिवसभराचे आवाज आणि गडबड संध्याकाळीही तिच्या अंगात घुमत राहते, मग झोप जवळ फिरकत नाही. अंगावर जड पांघरूण असले की तिला शांत वाटते. पण माझे वजन तिला सोसेल एवढेच ठेवायला थेरपिस्टबाईंनी सांगितले होते.

उन्हाळ्यात इथे निजायच्या वेळीही लख्ख ऊन असते, म्हणून आधी जाड पडदे ओढायचे. मग कोमट पाण्याने अंघोळ. एकेक काम झाले की भिंतीवरचे त्याचे चित्र उलटे करायचे, आणि शेवटचे चित्र माझे! लीसबेट माझा एक कोपरा बोटांत धरून चोळायची. चोळून चोळून तो उसवला, दोऱ्यांच्या दशा लोंबू लागल्या. त्या कुरवाळताना तिचे डोळे मिटायचे. तेव्हा मला फार फार आनंद व्हायचा.

पण ओमाला त्या दशा बघवेनात. "आमच्या मंडळाची गोधडी आणि हे लक्तर? बायका काय म्हणतील!" एका दुपारी तिने तो कोपरा कापला आणि तिथे नवे निळे कापड जोडले. टाके दिसतसुद्धा नव्हते. मीही जरा फुशारले.

त्या संध्याकाळी लीसबेटने माझे चारही कोपरे चाचपले. मग मला ढकलून दिले आणि कानांवर हात दाबून ती रडत राहिली. पुढेही रोज तेच. मी खुर्चीवर पडून होते. शेवटी तिची आई डोरीन, जागरणाने डोळे सुजलेली, ओमाकडे आली.

"टाके सुरेखच आहेत गं आई तुझे. पण तिला झोप लागायची ती त्या दशा धरून. त्याच तू कापल्यास."

"अगं बाई! मला मेलीला विचारायचंसुद्धा सुचलं नाही."

"आता तो तुकडा कुठला मिळायला!"

"का नाही? चिंध्यांच्या पिशवीत आहे की! गोधडी शिवणारी बाई चिंधी टाकते होय कधी?"

ओमाने आपले ते देखणे टाके स्वतःच उसवले, जुना तुकडा जोडला आणि लीसबेटसमोर धरला. "बघ बाई, बरोबर आहे का?"

लीसबेट फारशी बोलत नाही. तिने दशा चोळल्या, पुन्हा चोळल्या. "माझा," ती म्हणाली आणि स्वतः पडदे ओढायला पळाली. अजून तर जेवणही व्हायचे होते! डोरीन हसता हसता रडली.

मंडळाच्या प्रदर्शनात ओमाने मला मुद्दाम तो कोपरा वर ठेवून मांडले. कुणी नाक मुरडले की ती बजावायची, "त्याला हात लावायचा नाही. तो माझ्या नातीचा आहे."

मित्रांनो, कुणाची जुनी वस्तू नीटनेटकी करायला घ्याल, तेव्हा आधी तिच्या मालकाला विचारा. बरं, आता मी थांबते. पडदे ओढले गेले आहेत, माझे चित्र उलटे झाले आहे आणि लीसबेटची बोटे माझा कोपरा शोधत आहेत.