गोंगच्या मागून येणारा आवाज

वारसिनीबाईंच्या गळ्याची गाठ काढायचं गुरुवारी ठरलं. आवाज राहील बहुतेक, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्या 'बहुतेक'ने त्यांचा मुलगा प्रिहांतो पुरता हबकला. सोलो शहरात चाळीस वर्षं गामेलानच्या वाद्यमेळासोबत गाणारी ही बाई, आणि घरात त्यांच्या गाण्याचं एक धड रेकॉर्डिंग नाही! लग्नांचे व्हिडिओ होते, पण त्यांत बाईंपेक्षा पाहुण्यांच्या ताटल्याच जास्त वाजत होत्या.

प्रिहांतो लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा, म्हणजे अगदीच अडाणी नव्हता. त्याने जुना कॉम्प्युटर आणला, माइक जोडायची डबी आणली, हेडफोन आणले. आवाज घुमू नये म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींना शेवरीच्या कापसाच्या गाद्या टांगल्या. घुमणाऱ्या कवड्या पक्ष्याचा पिंजरा शेजारी पोचवला. मांसाच्या गोळ्यांचं सूप विकणाऱ्या बाक्सोवाल्याला हात जोडून सांगितलं, आमच्या दारावरून जाताना गिऱ्हाइकांसाठी लाकूड ठोकू नकोस. तो बिचारा तीन दिवस मुकाट्याने गाडी ढकलत गेला. नुसता वाद्यमेळ आईच्या वादक-मंडळाच्या सभागृहात रविवारीच रेकॉर्ड करून झाला होता. आता हेडफोन लावून आईने त्यावर गायचं, एवढंच उरलं होतं.

सोमवारी सकाळी त्या गायल्या. प्रिहांतोने पडद्यावर पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. आवाजाच्या रेघेत ओळ संपवणाऱ्या गोंगच्या टोल्याचा उंचवटा एकीकडे आणि आईची ओळ त्याच्या पुढे जाऊन संपलेली. दुसरी ओळ तशीच. तिसरीही तशीच.

"इबू," त्याने आईला म्हटलं, "कॉम्प्युटर तुमचा आवाज उशिरा पकडतोय."

"असं होय?" वारसिनीबाई म्हणाल्या. "मग त्याला जरा दम खाऊ दे."

दम कसला खातोय! आवाज आत जाऊन उमटेपर्यंत कॉम्प्युटर जो वेळ घेतो, तो प्रोग्रॅममधला एक आकडा उतरवला की कमी होतो. प्रिहांतोने तो आकडा निम्मा केला, मग त्याच्या निम्मा. शेवटी आवाज तापल्या तेलातल्या सोयाबीनच्या टेंपे-वडीसारखा तडतडायला लागला, पण ओळ काही गोंगवर येईना. मंगळवारी त्याने अख्खा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. आई शेजारी जामूच्या कोमट काढ्याचा पेला धरून बसून होती. बोलावलं की गायची, थांबा म्हटलं की थांबायची. संध्याकाळपर्यंत तिचा गळा बसत आला. प्रिहांतोला त्या यंत्राची चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. दोन दिवस वाया गेले होते आणि हातात काही नव्हतं.

बुधवारी सकाळी मात्र नवल घडलं. पहिलीच ओळ गोंगवर नेमकी पडली. दुसरी पडली, तिसरीही पडली. प्रिहांतो खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होता.

"जमलं, इबू! ऐका!"

दोघांनी ऐकलं. सूर शुद्ध होते, शब्द स्पष्ट होते, एक चूक नव्हती. तरी प्रिहांतोचा चेहरा उतरत गेला. शाळेतली मुलगी घोकलेली कविता म्हणून दाखवतेय, असं काहीतरी ते होतं. त्याने आईकडे पाहिलं. ती पेल्यात बघत होती.

"इबू, हे तुम्ही नाही."

"मीच की रे."

"खरं सांगा. काय केलंत?"

वारसिनीबाईंनी पेला खाली ठेवला. "तू दोन दिवस धड जेवला नाहीस, थोले, माझ्या बाळा. म्हटलं, यंत्राला उशीर खपत नसेल तर आपणच लवकर जाऊ. आम्ही गाणाऱ्या बायका गोंग वाजून झाल्यावरच ओळीच्या शेवटाला पोचतो. आम्हाला तसंच शिकवलंय."

प्रिहांतो थक्क झाला. जन्मभर कानांनी हेच ऐकलं होतं. ते पडद्यावर डोळ्यांना दिसलं मात्र, आणि बिघाड वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दोन दिवस! त्याने आकडा मुळात होता तिथे नेला, ठेका लावला आणि माइकसमोर टाळी वाजवली. टाळी ठेक्याच्या रेघेवर नेमकी उमटली. यंत्र पहिल्यापासून ठणठणीत होतं.

"मग सोमवारीच का नाही बोललात?"

"तू एवढ्या हौसेने सगळं मांडलेलं. त्यात मी म्हातारी खोट काढू? ते बरं दिसतं का?"

सोलोच्या माणसाला ही खोडच आहे. समोरचा अवघडेल म्हणून तो स्वतःचं नुकसान मुकाट्याने गिळेल. प्रिहांतोला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. दुपारी चारला इस्पितळात दाखल व्हायचं होतं, आणि आता साडेअकरा वाजले होते.

"खोट काढा, इबू. आज काढाच."

"मग आधी तो पडदा तिकडे फिरव. तू माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत बसतोस."

त्याने पडदा भिंतीकडे फिरवला. वारसिनीबाईंनी डोळे मिटले. गळा थकलेला होता, वरच्या सुरांना किंचित खरखर येत होती, पण त्यांनी पर्वा केली नाही. शेवटच्या ओळीला गोंग वाजला, विरत गेला, आता संपलंच असं वाटलं. आणि मग त्यांचा आवाज सावकाश आला आणि शेवटच्या सुरावर टेकला.

त्यांनी हेडफोन काढले.

"झालं ना? आता खुशाल कापू दे त्या डॉक्टरला."

प्रिहांतोने रेकॉर्डिंग थांबवायचं बटण अजून दाबलं नव्हतं. हे वाक्यही त्याला हवं होतं.