व्हिडिओ गेम कोणी बिघडवला

अमरचा फोन आला तेव्हा दीपमाला वाचनालय बंद करून नुकतीच घरी पोचली होती. पुण्यात राहणारा हा मोठा भाऊ कामाशिवाय फोन करत नसे.

"दीपे, आपला तो कॅसेटवाला व्हिडिओ गेम हाय का अजून? लोकं आजकाल असे जुने गेम शोधून राह्यले. चालू करून पाह्य अन् पाठवून दे. नव्या घरी हॉलमंदी ठेवतो."

"पाह्यतो."

"चालू कायचा होते म्हना! तुनंच तं जाळलता." आणि तो खदखदून हसला.

हे हसणं ती पंचवीस वर्षं ऐकत होती. अमर दहावीला होता आणि ती नऊ वर्षांची, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी तिनं एकटीनंच गेम टीव्हीला जोडला, बटण सरकवलं, पण लाल दिवा लागला नाही. तेवढ्यात अमर शाळेतून आला. त्यानं तिच्या कानाखाली वाजवली. वडिलांनी, उकंडाजींनी, डबा उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं, "जळला. पोट्टीनं वायरी उलट्या घातल्या." दोन दिवसांनी म्हणाले, अय्यूबभाईच्या दुकानात दाखवला, आता दुरुस्त होत नाही. त्या दिवसापासून तिला इस्त्रीला, टीव्हीला हात लावायची बंदी झाली. पुढे दहावीत एक्याऐंशी टक्के पडले, यवतमाळच्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा फॉर्म भरते म्हणाली, तर वडिलांनी एका वाक्यात विषय संपवला, "मशीन तुह्या हातात टिकत नाई." तिनं बी.ए. केलं. अमरनं तर ही गोष्ट तिच्या लग्नात सासरच्यांनाही रंगवून सांगितली होती.

तिनं माळ्यावरून गेमची पेटी उतरवली. आई गेल्यापासून उकंडाजी तिच्याकडेच दारव्ह्याला राहत. ते खाटेवरून बघत होते.

"कायले काढून राह्यली तो डब्बा? फेकून दे."

तिनं धूळ पुसली, अडॅप्टर लावला, बटण सरकवलं. दिवा नाही. दुसऱ्या प्लगमध्ये लावून पाहिलं, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सईदाकडे गेली. सईदा अय्यूबभाईंची मुलगी. वडील वारल्यावर दुकान तीच चालवायची. मिक्सर, कूलरच्या मोटारी, शेतातले स्प्रे पंप, काहीही आणा.

"घरचा दुसरा कोनता अडॅप्टर तं नाई लावला ना?" सईदानं आधी विचारलं. "सेटटॉप बॉक्सचा वगैरे? याची पिन उलटी राह्यते. मधात मायनस. दुसरा लावला तं खरंच जळते."

"नाई. त्याचाच लावला."

सईदानं मीटर लावला. अडॅप्टर मेलेला होता. तिनं आपल्या टेबलावरचा सप्लाय जोडला, पिन नीट पाहून. दिवा तरीही लागला नाही. मग तिनं तळाचे स्क्रू काढले. पिन घुसते तिथं करंट येत होता, बटणापर्यंत मात्र पोचत नव्हता. तिनं चिमट्यानं एक लाल वायर वर उचलली आणि थांबली.

"दीपमाला, हे जळलेलं नाई. हे कापलं हाय."

वायर मधोमध साफ कापलेली होती. दोन्ही टोकांवर काळी टेप, आणि टेपवर पांढरा दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारलेली.

तो दोरा दीपमालानं लगेच ओळखला. उकंडाजी तीस वर्षं गावाच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर होते. उन्हाळ्यात टेप सुटते म्हणून घरातल्या प्रत्येक जोडावर ते असाच दोरा गुंडाळायचे.

"अब्बाकडे हे आलंच नसंल," सईदा म्हणाली. "त्यायनं उघडलं असतं तं दहा मिनिटांत जोडून देल्लं असतं. जोडू?"

"मले दाखव. मीच जोडतो."

सोल्डरिंगचा पहिला जोड बिघडला, दुसरा बसला. बटण सरकवलं आणि लाल दिवा लागला. तो बघून तिचं डोकं तापलं. एवढंच होतं! एवढ्याशा वायरीचं!

घरी येऊन तिनं डबा वडिलांच्या पुढ्यात आपटला.

"बाबा, हे कोनं कापलं?"

"काय?"

"दोरा तुमचा हाय."

उकंडाजी डब्याकडे बघत म्हणाले, "अमऱ्या दहावीत होता. पुस्तक सोडून त्यालेच चिकटून राहे. सांगून ऐकत नोयता. म्हून कापली. परीक्षा झाली का जोडनार होतो."

"मंग जोडली काहून नाई?"

"तवरिक तुह्यावर आलतं ना सारं. खरं सांगतलं असतं तं तो माह्यासंगं बोलला नसता. तू लहान होती. वाटलं, विसरून जाशीन."

"अन् पॉलिटेक्निकच्या टायमाले? तवा तं मी सोळाची होती! तुमाले माहीत होतं मी काईच मोडलं नाई, तरी माह्या तोंडावर म्हनले, मशीन तुह्या हातात टिकत नाई!"

म्हातारा खाली बघत पुटपुटला, "पोरीले यवतमाळले दूर ठेवाचं नोयतं. तवा तेच सुचलं."

दीपमाला ओरडली. शेजारची वच्छलाबाई दारात येऊन उभी राहिली, तरी ती थांबली नाही. तिनं अमरला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि वडिलांच्या हातात दिला. "सांगा."

उकंडाजींनी तुटक तुटक सांगितलं. अमर हसलाच. "काय बाबा तुमी बी! दीपे, जाऊ दे ना, लहानपनची गोष्ट हाय. चालू झाला ना? मंग पाठव."

"तुनं मले मारलं होतं."

"अवं, तवा मी बी..."

"माह्या लग्नात सांगतलं. नागपूरच्या काकाले, मामीले, साऱ्यायले सांगतलं. आता त्याच साऱ्यायले खरं सांग. घरच्या ग्रुपवर लिही."

"पागल झाली का एवढ्याशासाठी?" त्यानं फोन ठेवला.

मग तिनं स्वतःच ग्रुपवर कापलेल्या वायरीचा फोटो टाकला. तो सईदानं वायर जोडायच्या आधीच काढून ठेवला होता. खाली लिहिलं, 'गेम मी जाळला नव्हता. बाबांनी वायर कापली होती.' उकंडाजी म्हणाले, "लोकं काय म्हनतीन मले?" ती म्हणाली, "मले पंचवीस वर्षं म्हनले, तेच."

तिसऱ्या दिवशी अमरनं ग्रुपवर एकच शब्द लिहिला, 'सॉरी'. संध्याकाळी पत्ता पाठवला, कुरियरसाठी. तिनं गेम पाठवला नाही.

वडिलांना ती वेळेवर जेवायला वाढत होती, गोळ्या देत होती. बोलत मात्र नव्हती. पुढच्या रविवारी ती ओढणी घेऊन निघाली तेव्हा उकंडाजींनी विचारलं, "कुठी चालली?"

"सईदाच्या दुकानात. काम शिकाले."

"आता? या वयात कायले?"

ती चपला घालून दुकानाकडे निघाली.