सावळेराम सरांचं डस्टर

जुन्नरच्या कॉलेजात प्रोजेक्टर आला, तेव्हा त्याच्यावर सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं ते प्राणिशास्त्राच्या सावळेराम सरांनी. "भिंतीवर चित्रं दाखवायला आपण काय जत्रंतले तंबूवाले हाय?" असं ते स्टाफरूममध्ये प्राचार्यांसमोरच गरजले. तोऱ्यात बोलायचा हक्कच होता म्हणा त्यांना! खडू न उचलता एका रेघेत बेडकाचं हृदय काढायचे. कॉमर्सची पोरं खिडकीत लोंबकळून बघायची.

पण दिवाळीपासून उजवा हात थरथरायला लागला. सरांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आज हृदयाचा पाठ, आणि खिशात राजीनामा. रेघ वाकडी गेली की तो प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायचा, हे पक्कं ठरलं होतं.

वर्गात जाऊन बघतात तर तेजस्विनी मॅडम प्रोजेक्टर मांडून तयार! ही जवळच्या पेठ गावची, त्यांचीच विद्यार्थिनी, आता त्यांच्याच विभागात शिकवायला. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी नको म्हणलं व्हतं ना?"

"सर, अकराला लाईट जाईल. आधी बघा, मग रागवा," म्हणत तिनं बटण दाबलं.

पडद्यावर हृदय उमटलं. आणि रेघ सरांचीच! एक्याण्णव साली तिचं चित्र चुकलं की ते स्वतः तिच्या जर्नलमध्ये काढून द्यायचे, त्यातलंच हे. खाली त्यांची लाल सही. बाईनं पुण्याला जाऊन अख्खं जर्नल स्कॅन करून आणलं होतं.

अरे देवा, केवढं मोठं! शेवटच्या बाकालासुद्धा झडपा दिसत होत्या. सरांच्या अंगात वारं शिरलं. "हे बघा, रक्त हितनं शिरतं!" त्यांनी बोट नेलं, तर पडद्यावर बोटाची सावली थरथरली. क्षणभर ते चरकले. मग म्हणाले, "बेडकाचं हृदय अस्संच हलतं, बरं का!" वर्ग खदखदून हसला. पाठ असा रंगला म्हणता, विचारू नका.

घंटा झाली. पुढच्या मास्तराला फळा स्वच्छ द्यायचा, हा सरांचा तीस वर्षांचा नेम. त्यांनी डस्टर उचललं आणि पडदा पुसायला लागले. पुसलं, परत पुसलं. खडूची धूळ उडाली, हृदय त्यांच्या हातावर, सदऱ्यावर दिसायला लागलं. पोरांची हसून हसून मुरकुंडी वळली.

"मॅडम, हे पुसत न्हाई हो!"

"न्हाईच पुसणार, सर."

सरांना हसता हसता रडू आलं. खिशातला राजीनामा काढून त्यांनी चार घड्या घातल्या आणि प्रोजेक्टरच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.

"उद्या मेंदू हाय, पोरी," ते म्हणाले. "जर्नल घेऊन ये."