साधी आधी, औषधाची नंतर

ठिपकीने दोन नळ्यांची टोपणं अदलाबदल केली, निळं लालच्या जागी, लाल निळ्याच्या, आणि नळ्या पुन्हा बर्फात खुपसल्या. मावशी पाणी गरम करायला गेल्या होत्या. त्यांची पावलं वाजली तशी ती चोरासारखी लगबगीने खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

चोरीच होती ती. ज्या बाईने तिला जेल ओतायला शिकवलं, दिवसभर पडद्यावर पेशींचे ठिपके मोजत बसते म्हणून लाडाने हे नाव ठेवलं, तिच्यावरच ती पाळत ठेवत होती. प्रयोगशाळेत बावीस वर्षं जेल मावशींच्याच हातचं. त्या थंड, पातळ द्रवात कर्करोगाच्या पेशी मिसळायच्या, बशीत ओतायच्या. बशी उबेत ठेवली की जेल धरतं, त्याची जाळी होते. पेशी त्या जाळीतून वाट काढत कशा पसरतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. साध्या जेलमध्ये त्या पळत सुटायच्या, नवं औषध घातलं की जागच्या जागी थांबायच्या. मार्गदर्शक सर हरखून गेले होते. शोधनिबंध उद्या पाच वाजता जाणार होता, आणि ठिपकीची पदवी त्यावरच अडली होती.

एकच गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती. पहिले आठ महिने त्या औषधाने काडीचाही फरक पडला नव्हता. ते लागू पडायला लागलं गेल्या चार महिन्यांत. आणि मावशी नेहमी निळ्या टोपणाची साधी नळी आधी ओतायच्या, लाल टोपणाची औषधाची नंतर.

मावशींनी वाफाळता पेला दाराबाहेरच्या फळीवर ठेवला. गार पाणी त्यांनी सोडलं होतं, घसा धरतो म्हणायच्या. हातमोज्यांवरून जाड कापड गुंडाळून त्यांनी दोन्ही नळ्या बर्फातून उचलल्या, कापड बाजूला टाकलं आणि निळ्या टोपणाची उघडली. थेंब थेंब ओतायला दहा मिनिटं लागली. लाल टोपणाची नळी तोवर डाव्या मुठीत होती.

"मावशी, ती बर्फात राहू दे ना."

"राहिली दहा मिनिटं बाहेर तर काय आभाळ कोसळतंय?"

नळी बर्फाबाहेर ठेवली म्हणून ठिपकीने पहिल्या वर्षी याच मावशींची बोलणी खाल्ली होती. मावशींनी दुसरी नळी उघडली आणि मान वर न करता विचारलं, हे औषध लोकांपर्यंत कधी गं येईल. पाच-सहा वर्षं तरी, ठिपकी म्हणाली. मावशींचा हात क्षणभर थांबला आणि मग पुन्हा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चित्रं उघडली. औषधातल्या पेशी रात्रभर पळाल्या होत्या. औषधाचा थेंबही नसलेल्या पेशी तसूभर हलल्या नव्हत्या. म्हणजे पेशी अडवल्या होत्या त्या मुठीच्या उबेने. नंतर ओतायची नळी हातातच कोमट व्हायची, जेल आधीच धरू लागायचं, जाळी दाट व्हायची. खात्री करायला तिने चित्रं तीनदा पाहिली.

मावशी बशा पुसत होत्या. टोपणांची गोष्ट तिने एका दमात सांगून टाकली. मावशी रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली, हातमोजा काढला, बर्फाला एक बोट लावलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं.

"गार लागलं की सुया टोचतात. गुरुवारच्या औषधाने होतं ते. पुन्हा बर्फात हात नको म्हणून दोन्ही नळ्या एकदमच काढते."

दर दुसऱ्या गुरुवारी मावशींची रजा असायची. बहिणीकडे जाते, म्हणायच्या.

"कसलं औषध?"

मावशींनी नुसती कर्करोगाच्या पेशींच्या बशीकडे मान केली.

घरच्यांना ठाऊक आहे, मावशी सांगत होत्या. इथे सांगितलं असतं तर जेलचं काम काढून घेतलं असतं, मग इथे येऊन करायचं काय?

"म्हणजे हे नवं औषध नाही चालत?"

"नाही, मावशी."

"मी आपली वर्षं मोजत बसले होते," मावशी म्हणाल्या, आणि हसायला गेल्या, पण ते जमलं नाही. ठिपकीला रडू कोसळलं. सरांना सांगते, नळ्या मीच बाहेर ठेवत होते, असं ती रडतारडता म्हणाली.

"खोटंच बोलायचं तर निबंध जाऊ दे की तसाच. चल, मी येते."

निबंध गेला नाही. सर आधी भडकले, मग मावशींचं ऐकून खुर्चीत बसून राहिले. शेवटी म्हणाले, सगळं पहिल्यापासून करा.

सोमवारी ठिपकीने मावशींच्या शेजारी स्टूल ओढलं आणि नळ्या धरून मनगटापर्यंत हात बर्फात घातला. थोड्या वेळाने तिची बोटं बधिर झाली. हात तिने बाहेर काढला नाही.

"आधी कुठली देऊ?"

"औषधाची," मावशी म्हणाल्या. "एकदा नीट बघू तरी."