वक्ररेषेला टेकलेली पट्टी

मित्रांनो, ही गोष्ट २०२३ सालची आहे. त्या वर्षी मला पस्तीस वर्षे पूर्ण झाली. मी हैदराबादच्या एका विद्यापीठातली जुनी लाकडी मीटरपट्टी आहे. आता माझ्या अंगावरचे आकडे पुसट झाले आहेत आणि एक कोपरा झिजला आहे, पण मी अजूनही सरळ आहे. पट्टीला याहून मोठा अभिमान कशाचा असणार?

अफझलगंजच्या एका म्हाताऱ्या सुताराने मला सागवानातून घडवले. सरोजबाई तेव्हा नुकत्याच विद्यापीठात शिकवायला लागल्या होत्या. तिथल्या पट्ट्या वाकड्या निघाल्या म्हणून त्यांनी मला मुद्दाम करवून घेतले. सुताराने विचारले, "दोन्ही बाजूंना आकडे टाकू का, बाई?" त्या म्हणाल्या, "एका बाजूला टाका. दुसरी बाजू कोरीच ठेवा, माझं काम तिच्याशीच आहे."

सरोजबाईंचा वर्ग वेगळाच होता. जीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र शिकायला आलेल्या मुलांना त्या कॅल्क्युलसची ओळख करून देत. यातली पुष्कळ मुले दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून आलेली असत. अकरावी-बारावीच्या इंटरला बायपीसी, म्हणजे जीवशास्त्र घेतले, आता सुटलो, असे त्यांना वाटे. आणि विद्यापीठात पाऊल ठेवताच वेळापत्रकात हा विषय दिसे! पहिल्या दिवशीचे ते पडलेले चेहरे मी पस्तीस वर्षे पाहिले.

बाई फळ्यावर एक वळणदार रेषा काढत आणि माझी कोरी बाजू तिला अलगद टेकवत. मग मला रेषेवरून हळूहळू पुढे सरकवत. चढ आला की मी तिरकी होई, माथा आला की आडवी. "पट्टी किती तिरकी झाली ते बघा," बाई म्हणत. "बदलाचा वेग तिथं दिसतो. रोग पसरतो, रोप वाढतं, शहर फुगतं. तुम्ही आयुष्यभर बदलणाऱ्या गोष्टीच बघणार आहात. मग वेग ओळखता यायला नको?" त्यांच्या हातात असताना मला स्वतःचे फार मोल वाटे.

मग वर्गात मोठा पडदा आला. बाईंचा तो वर्ग नवे अजय सर घेऊ लागले आणि संगणकावर रंगीत आलेख दाखवू लागले. तेही मनापासून शिकवत, मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण माझी गरज संपली. पडदा उंचावर होता, त्याची दोरी हाताला येईना. अटेंडर दिगंबरने माझ्या टोकाला एक लोखंडी आकडा ठोकला आणि मी पडदा ओढायची काठी झाले. त्याचा खिळा आत शिरला तेव्हा मला काय वाटले, ते आज सांगत नाही.

त्याच वर्षी वर्गात त्रिवेणी आली. नल्लकुंट्याची, बायपीसीवाली, पाच वर्षांच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमाला. प्राणी, पेशी, जंतू यांवर तिचा जीव होता. पण पहिल्या परीक्षेत तिला शंभरात सत्तावीस गुण पडले. पास व्हायला चाळीस लागत. फेरपरीक्षेतही नापास झाली तर तिचे नाव अभ्यासक्रमातून कमी होणार होते. विद्यापीठाचा नियमच तसा होता.

फेरपरीक्षेला आठ दिवस उरले असताना सरोजबाईंनी तिला सरांचा वर्ग संपल्यावर थांबवून घेतले. सोबत तिचा मित्र तेजसही थांबला. तो मानसशास्त्राचा, कसाबसा पास झालेला.

"मॅडम, दहावीतच आमचा अन् गणिताचा तलाक झालेला आहे," तेजस म्हणाला.

"तलाक झाला तरी पोटगी द्यावी लागते, बेटा," बाई म्हणाल्या. "दिगंबर, आमची पट्टी कुठंय?"

"ती काय, मॅडम. पडदा ओढायला ठेवली."

बाईंनी माझ्या टोकाचा आकडा पाहिला. पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला त्रिवेणीच्या हातात दिले. तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले.

बाईंनी फळ्यावर रेषा काढली. सुरुवातीला जवळजवळ सपाट, मग उभा चढ, मग वर जाऊन पुन्हा सपाट. "बरणीत जंतू वाढताहेत. सगळ्यात वेगानं कधी वाढले? तिथं पट्टी लाव."

त्रिवेणीने मला थेट वरच्या टोकाशी नेले. "इथं. इथं सगळ्यात जास्त जंतू आहेत ना!" परीक्षेतही तिने हेच लिहिले होते. त्या सपाट जागी ती मला बळेच तिरकी दाबत होती. रेषा मला आडवी ठेवू पाहत होती आणि तिचे हात ऐकत नव्हते.

"नक्को मॅडम, मला नाही जमत," ती शेवटी म्हणाली. "मी घरी सांगून टाकते, नाव काढून घ्या म्हणून."

बाईंनी चूक म्हटले नाही. त्या बाकावर बसल्या. "असू दे. मला एक सांग, तुझ्या डोळ्यांसमोर कधी काही भराभर वाढलंय?"

त्रिवेणीने नाक पुसले. "पाणी. मागच्या वर्षी शिवराजकाकांच्या दुकानाच्या तळघरात शिरलं होतं. मिरचीची पोती होती खाली. काका दर पाव तासाला भिंतीवर खडूनं रेघ मारत होते, पाणी कुठवर आलं त्याची."

"बरं. मग?"

"आधी रेघा जवळजवळ पडत होत्या. मग एकदम लांब लांब पडायला लागल्या, तसे काका ओरडले, उचला रे सगळं! आम्ही पोती वर आणली. पुढं रेघा पुन्हा जवळ आल्या, तर काका पायरीवर बसले अन् म्हणाले, चाय मंगाओ."

"चहा आला तेव्हा पाणी किती होतं?"

"कमरेपर्यंत. सगळ्यात जा..."

ती थांबली. माझ्यावरची तिची बोटे सैल झाली.

"सगळ्यात जास्त पाणी होतं," ती सावकाश म्हणाली, "अन् काका आरामात चाय पीत होते."

तेजस हसत सुटला. "अगं हौले, येडे, तुझ्या काकांना पास करायला पाहिजे!"

त्रिवेणी मात्र हसली नाही. ती फळ्याकडे वळली. तिने मला वरच्या टोकावर पुन्हा टेकवले, आणि या वेळी मला आडवे होऊ दिले. मग खाली सरकवत उभ्या चढावर आणून थांबवले. "इथं," ती म्हणाली. "पोती इथं उचलायची." पस्तीस वर्षांत मी अनेक हातांत गेले, मित्रांनो, पण एखादा हात असा एका क्षणात निर्धास्त झालेला मला दुसरा आठवत नाही.

दारात कुलूप घेऊन ताटकळलेला दिगंबरही तोवर आत येऊन बसला होता.

फेरपरीक्षा त्याच वर्गात झाली. मी कोपऱ्यात उभी होते. त्रिवेणीच्या समोरच्या कागदावर एक छापील आलेख होता. ती बराच वेळ त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. तिने एक ओळ लिहिली आणि खोडली. माझा जीव खालीवर झाला. मग तिने कंपासपेटीतून सहा इंची प्लॅस्टिकची पट्टी काढली, आलेखाला टेकवली आणि हळूहळू सरकवू लागली. ते पाहिले आणि मी निर्धास्त झाले. निकालाची मला घाई उरली नाही. तिला एकसष्ट गुण मिळाले.

पुढच्या वर्षी सरोजबाई निवृत्त झाल्या. त्या नारायणगुड्यात राहतात आणि त्यांच्याकडे अजूनही जुने विद्यार्थी येतात. दिगंबरने निवृत्तीच्या सभेच्या आदल्या दिवशी पक्कड आणून माझा आकडा काढला आणि त्या भोकात मेण भरले. "मॅडम बघतील," एवढेच तो म्हणाला. तो आता परीक्षा विभागात आहे. तेजस मुलांच्या परीक्षेच्या भीतीवर छोटा प्रबंध लिहितो आहे आणि त्यासाठी रोज आलेख काढतो. अजय सर पडदाही वापरतात आणि मलाही. पडदा ओढायला त्यांनी वेगळी काठी आणली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला खिळा ठोकण्याआधी ती काय करू शकते ते एकदा विचारून पाहा. आणि कुणाला समजायला उशीर लागत असेल, तर त्याच्या हातात काहीतरी द्या आणि थोडे थांबा.

त्रिवेणी आता चौथ्या वर्षाला आहे. दर गुरुवारी ती पहिल्या वर्षाच्या मुलांची उजळणी घेते. परवा एका मुलीने मला रेषेच्या माथ्यावर बळेच तिरके दाबले आणि ती रडवेली झाली. त्रिवेणी चूक म्हणाली नाही. ती तिच्याजवळ बाकावर बसली.