डाव्या हाताची गाठ

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला कागद कारखान्यातली सगळ्यांत मोठी मोटार जळाली. ओल्या कागदातलं पाणी ओढून घेणाऱ्या पंपाला ती जोडलेली होती. करपलेल्या वार्निशचा वास पार फाटकापर्यंत गेला, दोनपैकी एक लाइन थांबली, आणि देखभाल विभागाच्या इंजिनीअरबाई हातातला चहा तसाच ठेवून धावत आल्या.

मोटार जळली की रस्ते तीन. आतल्या तारा काढून नव्या भरायच्या, म्हणजे रिवाइंडिंग. नाहीतर पार खोलून, झिजलं-मोडलं ते सगळं बदलून ती नव्यानं उभी करायची. नाहीतर भंगारात काढून नवी आणायची. यातला कुठला, ते बाईंनी लिहून द्यायचं आणि मोठ्या साहेबांनी त्याखाली सही करायची, अशी पद्धत होती. एरवी बाईंना यात काही अवघड वाटलं नसतं. पण आसपासच्या चार गावांत रिवाइंडिंगचं सगळ्यांत चांगलं दुकान होतं ते त्यांच्या सासऱ्यांचं.

नोकरी लागल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, बाईंनी कारखान्याचं एकही काम घरच्या दुकानात जाऊ दिलं नव्हतं. सासऱ्यांना त्याचं वाईट वाटलं नाही, सासूबाईंना थोडं वाटलं. दिव्याखाली अंधार तो हाच, असं त्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या आणि मग स्वतःच हसल्या होत्या. या वेळी साहेबांनीच विषय काढला. घरात वैद्य असताना गावभर औषध कशाला शोधायचं, मोटार सरळ सासऱ्यांकडे पाठवा, असं ते म्हणाले. बाई नको म्हणाल्या. मोटार शेजारच्या गावातल्या दुसऱ्या दुकानात गेली.

तिथून दुपारीच निरोप आला: तारा गेल्यात, बाकी सगळं ठणठणीत आहे, चार दिवसांत भरून देतो.

बाईंना ते पटेना. या मोटारीसमोर कित्येक वर्षं एक उभा पंखा लावून ठेवलेला होता, कारण ती सारखी तापायची. का तापते, हे कोणी विचारलं नव्हतं. पंखा आहे ना, मग झालं तर. कारखान्यातला जुना फिटर, ज्याला सगळे 'होईलबघू' म्हणायचे कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं तेवढंच उत्तर असायचं, त्याला बाईंनी खोदून विचारलं. तो म्हणाला की आधी ही मोटार बर्फासारखी गार चालायची. एकदा जळाली, भरून आणली, तेव्हापासून तापायला लागली. त्याला झाली असतील चौदा-पंधरा वर्षं.

म्हणजे खोट तारांत नव्हती, तारा ज्या लोखंडात बसतात त्यात असणार. ते लोखंड म्हणजे पातळ पत्र्यांची चळत असते, आणि पत्र्यापत्र्यांमध्ये लेप असतो. तो लेप गेला की पत्रे एकमेकांना भिडतात आणि लोखंड आतल्या आत तापत राहतं. त्यात कितीही नव्या तारा भरा, त्या भाजणारच. लोखंड तपासून द्या, असं बाईंनी त्या दुकानाला कळवलं. त्यांच्याकडे ती सोय नव्हती आणि गरजही नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ती सोय एकाच ठिकाणी होती.

बाईंनी साहेबांना चार ओळी लिहून दिल्या: मोटार फक्त तपासणीसाठी माझ्या सासऱ्यांच्या दुकानात नेत आहे, पुढचं काम तिथे द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. साहेबांनी वाचून कागद खिशात घातला आणि म्हणाले, एवढं सोवळं पाळायला नको होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना ते आवडलेलं दिसलं.

बुधवारी सकाळी मोटार दुकानात उतरली. सासऱ्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि मोटारीभोवती एक चक्कर मारली. मधला फिरता भाग काढून झाल्यावर त्यांनी आत वाकून पाहिलं. जळून काळ्या पडलेल्या तारांच्या जुड्या दोरीनं आवळून बांधलेल्या होत्या. त्या दोरीच्या गाठींवरून त्यांनी बोट फिरवलं आणि तिथेच थांबले. मग जाड केबल आणली, लोखंडातून आतबाहेर वेढे घातले आणि वीज सोडली.

लेप गेलेली जागा असेल तर ती तापावी म्हणून पंधरा मिनिटं दोघं स्टुलांवर बसून राहिली. मग बाईंनी तापमान मोजायचं यंत्र लोखंडावरून फिरवलं. बहुतेक ठिकाणी ते कोमट होतं. तीन ठिकाणी आकडा भराभर चढत होता. सासऱ्यांनी यंत्राकडे पाहिलंही नाही. ते उठले, त्यांनी वीज बंद केली आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसले.

"ही मोटार मी भरली होती," ते म्हणाले.

बाईंना वाटलं त्यांचा काहीतरी गोंधळ होतोय. त्यांनी विचारलं, "कशावरून, बाबा?"

"गाठ बघ. उलटी आहे. या भागात डाव्या हातानं बांधणारा मी एकटाच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तेव्हा दुकानात भट्टी नव्हती. जुन्या तारा सुटाव्यात म्हणून त्या गॅसच्या ज्योतीनं भाजून काढायचे. कारखान्याला घाई होती, यांनाही पहिलं मोठं काम मिळाल्याचा आनंद होता. दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकायला त्यांनी ज्योत मोठी केली. तीन ठिकाणी लोखंड लाल दिसलं, तेव्हा मनात पाल चुकचुकली होती. पण मोटार सुरू झाली, सगळ्यांनी शाबासकी दिली, आणि ते गप्प बसले. पुढे कोणाकडून तरी शिकून तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवणारी भट्टी केली, लोखंड तपासायची ही सोय केली. का केली, हे मात्र कधी कोणाला सांगितलं नाही.

बाई ऐकत होत्या. त्यांना या माणसाच्या कामाचा इतका अभिमान होता की रागवावं असं काही मनात आलंच नाही. उलट आपणच काहीतरी उकरून काढलं, असं वाटून त्यांना अवघडल्यासारखं झालं. अहवालात यातलं नेमकं काय लिहायचं, असं त्यांनी हळूच विचारलं.

"आहे ते लिही," सासरे म्हणाले. "लोखंड खराब आहे, रिवाइंडिंग करू नये, नवी मोटार घ्यावी. आधीचं काम कोणी केलं असा रकाना असेल तर त्यात माझं नाव घाल."

तसा रकाना होता.

घरी सासूबाईंनी हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण, त्या नवऱ्याला म्हणाल्या. आणि सुनेला म्हणाल्या, आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता कोणाला काय बोलणार. तरी त्या दिवशी त्यांनी सासऱ्यांच्या ताटात न मागता दुसऱ्यांदा वाढलं. बाईंचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. अहवालाचा कच्चा मसुदा त्यानं वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि बाकी उत्तर बरोबर आहे असा शेरा दिला.

गुरुवारी साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. सासऱ्यांच्या नावावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी विचारलं, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं? बाईंनी होय म्हणून मान हलवली. साहेबांनी सही केली. आता अडचण एकच होती, नवी मोटार यायला पाच आठवडे लागणार होते आणि तेवढे दिवस लाइन बंद ठेवणं परवडणारं नव्हतं.

इथे होईलबघूनं आयुष्यात पहिल्यांदा न विचारता काहीतरी सांगितलं. फार पूर्वी बंद पडलेल्या तिसऱ्या लाइनची, याच ताकदीची एक मोटार गोदामात गोणपाटाखाली पडून होती. ती बाजूला का टाकली, हे त्याला पक्कं आठवत होतं: ती खडखडायची. बाईंनी ती बाहेर काढून घेतली. तारा चांगल्या निघाल्या, लोखंडही चांगलं निघालं. फक्त बेअरिंग ज्या घरात बसतं ते घर झिजून सैल झालं होतं आणि शाफ्टवर, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्यावर, चर पडले होते. ती नव्यानं उभी करण्यासारखी होती, आणि ते काम कोणाकडे द्यायचं हे साहेबांनी बाईंना विचारलंच नाही. त्यांनी स्वतः सासऱ्यांना फोन केला. ज्यानं आपली चूक लिहायला लावली त्याच्याकडे मोटार पाठवताना मला बरी झोप लागेल, असं ते म्हणाल्याचं सासऱ्यांनी घरी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी ते वाक्य त्यांच्याआधीच पूर्ण केलं.

काम पाच दिवस चाललं. घर कापून मोठं केलं, त्यात नवी कडी ठोकून बसवली, लेथवर घासून मापात आणली. शाफ्टवर धातू चढवून तो पुन्हा गुळगुळीत केला. तिसऱ्या दिवशी साहेबांचा माणूस येऊन किती उशीर म्हणून विचारून गेला. सासऱ्यांनी त्याला चहा पाजला आणि पाच म्हणजे पाच, असं सांगून परत पाठवलं.

मोटार बसवली त्या दिवशी बाईंनी बटण दाबलं. ती गुरगुरली, वेग घेतला आणि मग एका सुरात चालत राहिली. तासाभरानं होईलबघूनं तिच्यावर रुपया उभा ठेवून पाहिला. तो पडला नाही. पाच आठवड्यांनी नवी मोटार आली, तिच्यासाठी खालचा चौथरा थोडा बदलावा लागला, आणि ही राखीव म्हणून ठेवायचं ठरलं.

त्यानंतर साहेबांनी बाईंकडे नवं काम सोपवलं. कारखान्यातल्या सगळ्या मोटारींची यादी करायची आणि जळण्याआधीच कुठली ठेवायची, कुठली उघडायची, कुठली काढायची ते ठरवायचं. सल्ल्याला सासऱ्यांना बोलवा, असंही त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं.

रविवारी कारखाना बंद होण्याआधी, मोटारी चालू असतानाच, दोघं आत शिरली. बाईंच्या हातात वही होती. सासरे एकेका मोटारीपाशी थांबत, तळहात उलटा करून तिच्या पाठीवर टेकवत, डोळे मिटून घेत आणि मग सांगत.

"हिला काही करू नकोस," ते म्हणाले. "सुखात आहे."

बाईंनी तसंच लिहून घेतलं आणि ती दोघं पुढच्या मोटारीकडे गेली.