सिताबाईचा जहाजी साहेब

बेंबळीत उन्हाळ्यात टँकर वेळेवर येत नाही, तिथं प्रसेनजितनं समुद्राचं संग्रहालय काढलं. माणूस नौदलात उभी हयात काढून आलेला, हातात फंडाचे पैसे, आणि घरात समजावणारं कुणी नाही. गावाबाहेर जिनिंगची बंद पडलेली शेड होती. ती घेऊन त्यानं आत एक गंजका नांगर, होकायंत्रं, मांडीएवढे जाड दोरखंड आणि जहाजांच्या लाकडी प्रतिकृती मांडल्या. तुळजापूरला निघालेल्या शाळांच्या सहली वाटेत थांबायच्या, नाही असं नाही; पण पोरं आधी संडास कुठं आहे ते विचारायची आणि बरीचशी तिथूनच परत बसमध्ये चढायची.

त्याची पुतणी श्रावस्ती शाळेत चित्रकला शिकवते. तिनं डोकं चालवलं. दर शनिवारी संग्रहालय बंद झालं की संध्याकाळी ते पुन्हा उघडायचं, गाव गोळा करायचं, गाणी-चित्रं करायची आणि वर कांदाभजी फुकट. भज्यांमुळे सागरी संस्कृतीत गावाला एकदम गोडी वाटू लागली. पहिल्याच शनिवारी तिनं लांबलचक भिंत देऊन सगळ्यांना मिळून समुद्र रंगवायला सांगितला. शाळेच्या दारांचा उरलेला रंग होता, म्हणून समुद्र हिरवा झाला. म्हशीवाचून पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्यात चार म्हशी आल्या. एका शहाण्यानं तर काठावर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली आणि पाइप थेट स्वतःच्या शेताकडे नेला. श्रावस्ती म्हणाली, सुंदर. मास्तरणीला तसं म्हणावंच लागतं.

सिताबाई दुसऱ्या शनिवारी आली ती भज्यांसाठीच. पण सिताबाईचं तोंड म्हणजे वाहती मोट. भिंतीकडे बघून ती चारचौघींत म्हणाली की आमच्या ह्यांनी असले समुद्र पायाखाली घातलेत, जहाजावर साहेब होते हे. गावाला यात नवीन काही नव्हतं. तिचा नवरा बिरदेव पंधरा वर्षांमागं दोन वर्षं जहाजावर होता आणि तेव्हापासून तिनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की गावातली कुत्रीसुद्धा साहेबाला बघून शेपूट खाली घालत. पण गावात नव्या आलेल्या श्रावस्तीनं ती पहिल्यांदाच ऐकली, आणि चौथ्या दिवशी एसटी स्टँडवर बिरदेवच्या फोटोचा फलक लागला. येत्या शनिवारी, आपल्या गावचे जहाजी साहेब, आपल्या भेटीला.

फलक बघून सिताबाई आल्या पावली घरी परतली. कारण साहेब बिहेब काही नव्हतं. बिरदेव धनगराचा माणूस. सोलापूरच्या एका एजंटानं त्याला जहाजावर नेलं ते मेंढरं राखायला. ऑस्ट्रेलियातून आखातात जिवंत मेंढरं नेणारं जहाज. पहिल्या बंदरावरून त्यानं फोन केला तेव्हा सिताबाई किराणा दुकानात होती, भोवती दहा बायका. पलीकडून तो सांगत होता, इथं बी मेंढरंच हायेत गं. आणि हिनं मोठ्यानं म्हटलं, साहेबांना लई काम असंल, ठेवा आता. तिथून साहेब जन्माला आला. पुढं परत येऊन तो काही सांगायला लागला की ती म्हणायची, मेंढरांचं नाव काढू नका, चार माणसांत इज्जत हाय आपली. तोही गप्प झाला. असल्या बाईपुढं कुणीही झाला असता.

आता इज्जतीचा सवाल साधा नव्हता. थोरली लेक मंजुषा. तिची सुपारी लोहाऱ्याच्या कुमारशी फुटली होती. कुमार तहसील कचेरीत नोकरीला, आणि सिताबाईला पक्कं वाटत होतं की जहाजी साहेबाची लेक म्हणूनच ही सोयरीक जुळली. कुमारचा बाप वैजनाथ अजून कळपामागं फिरतो, पण माणूस सरळ आणि खोट्याचा वैरी. शनिवारी तोही येणार होता. सगळ्यांसमोर खोटं उघडं पडलं तर लग्न मोडणार, आणि मोडलेल्या लग्नाची पोर घरात बसणार. सिताबाईची झोप उडाली.

मग तिनं तयारी केली. बँडवाल्याकडून पांढरा कोट-पँट आणला, सोनेरी बटणं, खांद्यावर झालर. नवऱ्याला शनिवारपर्यंत रोज धडा दिला: समुद्र लई मोठा हाय, जेवण बरं असतं, देवाच्या दयेनं सुखरूप आलो, आणि बसायचं. बिरदेवनं मान हलवली. तो मान हलवतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं हे आजवर तिनं विचारलेलं नव्हतं.

शनिवारी शेड भरली. वैजनाथ पहिल्याच रांगेत, मांडीवर घोंगडी, हातात काठी. त्याच्यासोबत कळपावरचे चार-दोन धनगर. बिरदेव बँडच्या वेशात हिरव्या समुद्रापुढं उभा राहिला. मागं म्हशी. प्रसेनजितला खरा गणवेश माहीत होता, पण भला माणूस, काही बोलला नाही. त्यानं आदरानं विचारलं की आपण डेकवर होता की इंजिनात. बिरदेवनं तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतून सिताबाई म्हणाली, दोन्हीकडं बघायचे. प्रसेनजितनं चष्मा पुसला. मग हुद्दा विचारला. सिताबाई म्हणाली, वरचाच हुता. लोक हसायला लागले.

तेवढ्यात वैजनाथनं काठी टेकवली. त्याला डेक कळत नव्हता आणि हुद्द्यात रस नव्हता. धनगर माणूस गाडी दिसली की आत काय आहे ते विचारतो.

"इवाई, त्या जहाजात माल काय हुता?"

बिरदेवनं एकदा बायकोकडं बघितलं. ती डोळ्यांनी दटावत होती. मग त्यानं गळ्याशी आवळणारं सोनेरी बटण काढलं.

"मेंढरं," तो म्हणाला. "म्या राखायला हुतो."

झालं. सिताबाईनं डोळे मिटून घेतले. मंजुषाचं लग्न, कुमारची नोकरी, किराणा दुकानातल्या त्या दहा बायका, सगळं तिच्या डोळ्यांपुढून निघून गेलं. पण कुणी हसलं नाही म्हणून तिनं डोळे उघडले. वैजनाथ पुढं सरकून बसला होता.

"किती?"

"साठ हजार."

वैजनाथच्या कळपात तीनशे होती आणि तेवढ्यावर पंचक्रोशीत त्याला रामराम घालत. तो उठून उभा राहिला. डोक्यावरचा पटका त्यानं सारखा केला, जसा देवापुढं करतात. एका कळपात साठ हजार, त्यानं पुन्हा विचारलं, आणि बिरदेव म्हणाला, एका जहाजात, मजल्यावर मजले.

मग काय विचारता. श्रावस्तीनं पडद्यावर दाखवायला आणलेली चित्रं तशीच राहिली. धनगरांनी बिरदेवला घेरलं. पाणी कसं पाजता, चारा कसला, मेंढरू जिना चढतं का, एक बुजलं तर बाकीची काय करतात. कप्तानाबद्दल कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आणि बिरदेव बोलत होता. पंधरा वर्षं मूग गिळून बसलेला माणूस हात हलवून, आवाज काढून, बँडचा कोट घामानं भिजेस्तोवर बोलत होता. सिताबाई बघत राहिली. एवढी थोर गोष्ट घरात होती आणि तिनं तिच्यावर एका फालतू साहेबाचं झाकण ठेवलं होतं. तिला स्वतःच्या अकलेची लाज वाटली, आणि सिताबाईला लाज वाटणं ही गोष्ट गावानं साजरी करावी अशी आहे.

तेव्हा वैजनाथनं धनगर शेवटी विचारतोच ते विचारलं. मरतूक किती व्हायची?

बिरदेवचे हात थांबले.

"लई," तो म्हणाला. "गरमीत तर लईच. सकाळी मजल्या-मजल्यावर जाऊन मेलेली मोजायचं काम माजं. मोजायची, वडत न्यायची आन समुद्रात ढकलायची. काही जीव असलेली बी असायची. वरून हुकूम यायचा."

मेंढरू मेलं की धनगराच्या घरात त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. इथं तर रोज सकाळी. परत आल्यावर महिन्याच्या आत बिरदेवनं घरची सव्वाशे मेंढरं विकून टाकली होती. गावात सिताबाईनं सांगितलं होतं, साहेब झालेला माणूस मेंढरं वळील का. तिला ते दुकानापुढं ऐटीत सांगणं आठवलं आणि जीव तिथंच जावा असं वाटलं. ज्या माणसाला रडायला घर हवं होतं त्याला तिनं इज्जत दिली होती.

वैजनाथनं काठी बाजूला ठेवली. मग त्यानं रीतीप्रमाणं सिताबाईकडं वळून विचारलं, कारण बिरदेवचा सौदा नेहमी तिच्याच तोंडून ठरतो हे त्यालाही ठाऊक झालं होतं.

"इहीनबाई, लग्नाआधी इवाईंला चार दिस आमच्या कळपावर धाडता का? पोरांनी ह्यांच्याकडून शिकावं."

सगळी शेड तिच्याकडं बघायला लागली. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. ते नेहमीच असतं. तिनं ते गिळलं.

"मला काय इचारता," ती म्हणाली. "त्येंलाच इचारा."

बिरदेवनं कोट काढला, नीट घडी घातली, हातावर ठेवला. कुणी त्याला घाई केली नाही आणि कुणी त्याच्या वतीनं बोललंही नाही.

"येतो," तो म्हणाला. "पर मोजायचं काम मला लावू नका."